जुन्या वाटेवरचं भांडण

बिरू,

तुझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच छापला. दुसऱ्या कुणाकडं जाऊच दिला नाही. वहिनींनी पाठवलेला फोटो शाळेतला होता, हाताची घडी घालून शहाण्यासारखा उभा असलेला. मी म्हटलं, हा आमचा बिरू नव्हे, हे जिल्हा परिषदेचे मास्तर आहेत. माझ्याकडं कराडच्या हॉलमधला एक फोटो होता. त्यात तू पत्ते छातीशी धरून समोरच्याकडं असा बघतोयस, जसं काही त्यानं तुझी सायकल पळवलीय. आप्पांना तो दाखवला तर ते म्हणाले, "मेल्यालं माणूस भांडताना दावतोस व्हय रं?" तुझ्या बापापुढं माझं काय चालणार? शाळेतलाच लावला.

तुझं गाव, शिक्षण, नोकरी, मागं कोण कोण राहिलं ते सगळं त्या फ्लेक्सवर आहे. फळ्यासमोर उभा असताना तू कोसळलास, मिरजेला आणलं तेव्हा मी दवाखान्याच्या दारातच होतो आणि तू डोळे उघडलेच नाहीस, हेही आता सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते पुरं करायला बसलोय.

तू माझ्या मिरजेच्या दुकानात पहिल्यांदा आलास तो पाढ्यांचे पत्ते छापायला. पोरांनी घासून घासून कोपरे फाडू नयेत म्हणून गोल कापून दे म्हणालास. मी म्हटलं, गोल कोपऱ्यांचे पत्ते छापायचेच आहेत तर नुसते पाढे कशाला, खेळच कर की. चिडवायला म्हटलं होतं. तू पुढच्या शनिवारी नियम लिहूनच आलास. मी चित्रं काढली. तेव्हापासून मी तुझा 'पेंटर' झालो, जरी हातात ब्रश धरून मला किती वर्षं झाली हे देवालाच ठाऊक.

'शिवार' हा खेळ तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या परक्या माणसाला सांगायला हवं. दोघं समोरासमोर बसतात. प्रत्येकाचं एक शिवार. दुसऱ्याचं शिवार आपल्या पत्त्यांनी भरलं की जिंकलो. पाकिटातून पत्ते गोळा करायचे, त्यातले निवडून आपला आपला कॅट बांधायचा आणि पाळी आली की एकेक पत्ता टाकायचा. कुणी उसाचा कॅट बांधायचा, कुणी पुराचा, कुणी घाटाचा, कुणी मेंढरांचा. महाबळेश्वरला टॅक्सी चालवणारे लक्ष्मणदादा धुक्याचा कॅट घेऊन यायचे. त्यांचे पत्ते दुसऱ्याचे पत्ते झाकायचे, आणि समोरच्याला आपलं शिवार कुठवर गेलंय तेच कळायचं नाही. डाव संपल्यावर लोक त्यांना शिव्या द्यायचे आणि पुढच्या वेळी त्यांच्यासमोरच बसायला धडपडायचे. कराडच्या मंगल कार्यालयात वरचा जेवणाचा हॉल, लग्नाचा मुहूर्त नसलेला रविवार. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतची माणसं यायची. आपण काय मोठं केलं होतं? पण आपण केलं होतं.

आणि मग तू 'जुनी वाट' आणलीस.

बाकी सगळे पत्ते एका पाळीला एकेकच पडायचे. 'जुनी वाट' टाकली की हातातली सगळी मेंढरं एकदम उतरायची. मी चित्र काढताना विचारलं होतं, हे जरा जास्तच होत नाही का? तू म्हणालास, "जास्त व्हऊ दे." मग तू ती गोष्ट सांगितलीस. दिवाळीनंतर आप्पा मेंढरं घेऊन कोयनेच्या अंगाला उतरायचे, तू लहानपणी त्यांच्यामागं चालायचास. ती वाट कशी आधी उसात गेली, मग कुंपणात, मग चारपदरी रस्त्याखाली. शेवटच्या वर्षी लोकांनी दगड मारले आणि आप्पांनी मेंढरं विकली. "सगळीकडं मेंढरंच हारत्यात, पेंटर," तू म्हणालास, "निदान हितं तरी जितू देत की." मी चित्र काढलं. आजवर काढलेल्या चित्रांत तेच सगळ्यात चांगलं आहे, हेही कबूल.

पण बिरू, वर्षभरात सगळ्यांच्या हातात मेंढरं आली. उसाचे कॅट घरी राहिले, पुराचे कपाटात गेले. ज्यांनी आयुष्यात मेंढराच्या शेपटीला हात लावला नसेल ते बँकेतले साहेबसुद्धा मेंढरं घेऊन बसायला लागले. मी म्हटलं, हा पत्ता बाद करू. तू म्हणालास, "बाद कशाला? तोड काढू." तू 'लांडगा' काढलास. झालं काय? लोकांनी मेंढरांच्या कॅटातच लांडगा घातला. तू 'कुंपण' काढलंस, तेही त्याच कॅटात जाऊन बसलं. दरवेळी नवा पत्ता, दरवेळी माझं नवं चित्र आणि टेबलावर तेच ते. शेवटी शेवटी तर नाणेफेक ज्याची त्याचा डाव. पहिली पाळी ज्याची, त्याची वाट आधी पडते. लक्ष्मणदादांनी एका रविवारी धुक्याचे पत्ते गुंडाळले आणि मला म्हणाले, "पेंटर, माजं धुकं पडायच्या आत मेंढरं दारात हायती. ह्यापरीस घाटात पाशिंजर घ्यावं." त्यानंतर ते आले नाहीत. मी तुला ते सांगितलं तर तू म्हणालास, "म्हाताऱ्यानं कॅट बदलावा." त्या दिवशी मला तुझा खरंच राग आला होता. ज्या माणसानं खेळात एकट्यानं एक वेगळी चाल जिवंत ठेवली, त्यालाच तू कॅट बदलायला सांगतोस? मास्तरा, वर्गात सगळ्या पोरांनी एकच उत्तर कॉपी केलं तर तू पेपर फाडतोस की नाही?

आपल्यात एक रीत होती. नियम बदलायचा तर मांडणाऱ्यानं उभं राहून मांडायचा, आणि ज्याची हरकत असेल त्यानं समोर बसायचं. एक डाव. जो जिंकेल त्याचं खरं. मतदान नको म्हणून तूच काढलेली ही रीत. बहुतेक वेळा मी मांडायचो आणि हरकत तुझीच असायची. फोनवर मी तुला म्हटलं, या रविवारी मी 'जुनी वाट' बाद करायचं मांडतोय. तू म्हणालास, "मांड की. मी बसतो फुडं." तो आवाज मला अजून ऐकू येतो. चिडलेला आणि खूश, दोन्ही एकदम. त्याच आठवड्यात तू गेलास.

आता दहाव्याचं ऐक. तू तिथं होतास म्हणतात, पण माझी बाजू तुला कळली नसेल.

पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागं सरकलो. बाभळीवर कावळे होते, पण एकही उतरेना. ऊन चढत चाललं. आप्पा पुढं झाले, हात जोडले, म्हणाले, "माजी काळजी करू नगंस, लेका." कावळा हलला नाही. वहिनी म्हणाल्या, "पोरगीला शिकीवते. पायजे तितकं शिकीवते." तरी नाही. भावकीतले एकेक जण काय काय कबूल करत होते, आणि दर वेळी वहिनी बाभळीकडं बघायच्या, आणि त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. बायाबापड्या कुजबुजायला लागल्या, काहीतरी राहिलंय त्याचं. मला तिथं उभं राहवेना.

तेवढ्यात कराडला आपल्यात खेळायला येणारा फौजी पुढं झाला. सुट्टीवर आला होता, तुझ्यासाठी थांबला होता. त्यानं पायातली चप्पल काढली, हात जोडले आणि परेडला ओरडावं तसं ओरडला, "मास्तर, जुनी वाट आमी कदी बी बाद करणार न्हाई!"

आणि कावळा उतरला की रे. एक नव्हे, तीन-चार उतरले.

वहिनी मटकन खाली बसल्या आणि रडल्या. तुला मिरजेहून नेल्यापासून त्या पहिल्यांदाच रडल्या, असं आप्पा नंतर म्हणाले. फौजीनं माझ्याकडं बघितलं. कराडची सगळी मंडळी माझ्याकडंच बघत होती. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो? पण तुला खरं सांगतो बिरू, त्या क्षणी मला वाटलं, गड्यानं मेल्यावरही डाव साधला. समोर बसायचं सोडून झाडावर जाऊन बसला.

महिना गेला. मग फौजीचा फोन आला, तुझ्या नावानं स्पर्धा घेऊ, बक्षीस वहिनींच्या हातून देऊ. मला माहीत होतं काय होणार ते. सगळे तुझ्या आठवणीत मेंढरं घेऊन येणार, आणि एकदा ते असं पवित्र झालं की मग आपल्या खेळात कायमची मेंढरंच. वर्षभरात हॉलमध्ये फक्त खुर्च्या उरल्या असत्या. वचन मी दिलं नव्हतं, नुसती मान डोलावली होती, पण त्या वचनानं ज्यांचा जीव निवांत झाला त्या वहिनींना विचारल्याशिवाय ते मोडायचं नाही, एवढं तरी मला कळतं. म्हणून गाडी काढली आणि तुझ्या गावी गेलो.

वहिनींनी चहा ठेवला. मी आडवळणानं सुरुवात केली, मग सरळच बोललो. त्यांनी पातेलं खाली उतरवलं.

"भावजी, कावळा शिवना तवा लोकं काय म्हणत व्हती ते तुमी ऐकलंय न्हवं? मला वाटलं, माजंच कायतरी चुकलं. त्यो माणूस माज्यावर नाराज हून गेला. मग त्यो फौजी बोलला आन् कावळा शिवला. मी सुटले. आन् तुमी त्ये मोडाय आलाय?"

"वहिनी, खेळ बुडेल."

"बुडू द्या. माजा माणूस गेला, तुमचा खेळ गेला तर काय झालं?"

मी चहा तसाच ठेवून उठलो. आप्पा दारात बसले होते, त्यांनी मला थांबवलं नाही. परत येताना मी ठरवलं की गप्प बसायचं. एका बाईची झोप आणि आपले पत्ते, यात काय निवडायचं हे मला कुणी शिकवायला नको.

स्पर्धेच्या रविवारी हॉल गच्च होता. लक्ष्मणदादासुद्धा आले, तुझ्यासाठी, आणि त्यांनीही कुणाकडून तरी मेंढरं मागून घेतली होती. वहिनी आणि आप्पा पुढं खुर्च्यांवर बसले. डाव सुरू झाले आणि लगेच संपायला लागले. नाणं उडायचं, वाट पडायची, डाव संपला. हरलेला उठायचा, जिंकलेला मोबाइल काढायचा. कुणी कुणाला शिवी देईना. एवढी माणसं आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. सगळे तुझा मान राखत होते आणि कुणालाच मजा येत नव्हती, आणि हे एकमेकांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

वहिनींनी मला खुणेनं बोलावलं. "हे आसंच गप बसून खेळत्यात व्हय?" म्हणाल्या, "मास्तर घरी येऊन सांगायचे तर लय दंगा वाटायचा. जेवताना भाकरी हातात धरून सांगत बसायचे, पेंटरला आसं कोंडलं, तसं कोंडलं. मी म्हणायची, आदी जेवा. आन् हितं तर दहाव्यागत बसल्याती सगळी."

बिरू, त्यानंतर मला गप्प राहता आलं नाही. मी उभा राहिलो. 'जुनी वाट' बाद करावी, असं म्हटलं. फौजी ताडकन उठला. "पेंटर, लाज हाय का? मेल्याल्या माणसाला शबुद दिलाय!" मागून कुणीतरी म्हणालं, बाहेर काढा ह्याला. मी म्हटलं, रीत आहे, ज्याची हरकत असेल त्यानं समोर बसावं. फौजी बाह्या सरसावत पुढं आला.

"तुमी बसा," वहिनी म्हणाल्या. "हारकत माजी हाय."

त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. तुझा कॅट त्यांच्या पिशवीत होता, बक्षिसाच्या टेबलावर तुझ्या फोटोपुढं ठेवायला आणलेला. आयुष्यात त्यांनी हे पत्ते हातात धरले नव्हते. फौजी मागं उभा राहून नियम सांगत होता. मी हरावं की जिंकावं, काही कळत नव्हतं. मग ठरवलं, तुझ्यासमोर खेळलो असतो तसाच खेळायचं, सगळा जीव लावून. नाणं उडालं. पहिली पाळी त्यांची.

त्यांनी एक मेंढरू टाकलं. मी पूर राखून ठेवला. त्यांनी दुसरं टाकलं. मग फौजीनं बोट दाखवलं आणि त्यांनी 'जुनी वाट' ठेवली. सगळी मेंढरं उतरली. माझं शिवार भरलं.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं. तुम्ही जिंकलात."

फौजीनं टाळी वाजवली. दुसऱ्या कुणी वाजवली नाही. वहिनी पत्त्यांकडं बघत राहिल्या. कपाळाला आठी पडली होती. "पर ह्यात मी काय केलं, भावजी?" म्हणाल्या. "ह्यात घरी जाऊन सांगण्यासारकं काय हाय?"

त्यांनी स्वतःच 'जुनी वाट' उचलली आणि बाजूला ठेवली. "परत मांडा."

मी म्हटलं, वहिनी, तुम्ही जिंकलाय, रीतीनं वाट राहते.

"रीत मला नगा सांगू. मांडा म्हणते न्हवं?"

मग जो डाव झाला, बिरू, तो तू बघायला पाहिजे होतास. मेंढरं एकेक करून यायला लागली आणि वहिनी त्यांना कुठून आणायचं ते शोधायला लागल्या. एकदा त्यांनी मला घाटाच्या बाजूनं असा चकवा दिला की मी पत्ता मागं घेऊ का म्हणून विचारलं. "आजाबात न्हाई!" लोक खुर्च्या ओढून भोवती जमले. लक्ष्मणदादा त्यांना काहीतरी सांगत होते, फौजी लक्ष्मणदादांवर ओरडत होता, बँकेतले साहेब दोघांवर. शेवटी मी पूर टाकला आणि कसाबसा जिंकलो.

"आवं, त्यो पूर कवाचा दाबून ठिवला व्हता तुमी!" वहिनी उठून उभ्या राहिल्या. "आदी सांगायचं न्हाई व्हय? आसं आसतंय व्हय खेळणं? पुन्यांदा मांडा!" गाल लाल झाले होते. मागं आप्पा तोंडाला उपरणं लावून बसले होते, रडत होते की हसत होते ते मला कळलं नाही.

जाताना त्यांनी 'जुनी वाट' पिशवीत घातली आणि फौजीला म्हणाल्या, "ही आता माज्याकडं. खेळात नगं. मास्तरांनी जाब इचारला तर मला इचारतील. त्यांना काय सांगायचं ते मी बगते." फौजीनं मान खाली घातली. मग एकेकानं आपापल्या कॅटातून तो पत्ता काढला.

तर बिरू, वाट बाद झाली. मी बरोबर होतो. हे तुला ओरडून सांगायला मी किती दिवस वाट बघत होतो, आणि आता सांगितलं तर काहीच वाटत नाही. तू असतास तर मान्य केलं नसतंस. पेंटरला अक्कल न्हाई म्हणाला असतास, समोर बसला असतास, डोळे वटारून. मला ते पाहिजे. मला बरोबर ठरायचं नाही. बाद केलेला तो पत्ता घे, लांडगा घे, कुंपण घे, काय पाहिजे ते घे. नाणं उडवायचं नाही, पहिली पाळी तुझी. एकदा समोर येऊन बस, गड्या. मी हरायला तयार आहे.